बोस्टनचं ऊन, मुंबईची खिडकी

मुंबईत २१ जूनच्या भरदुपारी सूर्य उत्तरेला असतो. ढग नसतील तर अंगणात उभ्या केलेल्या काठीची बारीकशी सावली दक्षिणेकडे पडते. साधारण १५ मे ते २७ जुलै या काळात सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेच्या अंगाला गेलेला असतो आणि या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो. बोस्टनमध्ये असं कधीच होत नाही. तिथे वर्षाच्या कुठल्याही दुपारी सूर्य दक्षिणेलाच असतो. २१ जूनला तो क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो, तर २१ डिसेंबरला जेमतेम २४ अंशांवर. त्या डिसेंबरच्या दुपारी २.१ मीटर उंचीच्या लिंटेलखालून, म्हणजे खिडकीच्या वरच्या कडेखालून, बोस्टनचं ऊन खोलीत साडेचार मीटरपर्यंत आत येतं. मुंबईत त्याच दिवशी सूर्य ४७ अंशांच्या वर असतो आणि तितक्याच उंच खिडकीतून ऊन दोन मीटरही आत शिरत नाही.

ही दोन शहरं शेजारी मांडायचं कारण एका सॉफ्टवेअरमध्ये आहे. इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करण्यासाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं रेव्हिट अमेरिकी टेम्प्लेटवर उघडलं, की नव्या प्रकल्पाचा पत्ता आपोआप बोस्टन असतो. तो कोणी बदलला नाही, तर गोरेगावच्या नाहीतर हिंजवडीच्या इमारतीवर बोस्टनचं ऊन पडत राहतं. पडद्यावर सावल्या सुबक दिसतात, सादरीकरण देखणं होतं, मालक खूश होतो. जूनच्या दुपारी उत्तरेची काच तापणार आहे हे मात्र त्या चित्रात कुठेच नसतं.

आज शहरातल्या मोठ्या इमारतींच्या खिडक्या आणि काचेच्या भिंती ठरतात त्या अशाच पडद्यावर. खिडकी अर्धा फूट सरकवायला एक क्लिक पुरतो. अख्ख्या दर्शनी बाजूची विभागणी बदलायला एक आकडा पुरतो. ही सोय मोठीच आहे. पण सॉफ्टवेअर काही गोष्टी आपल्याला न विचारता देतं, आणि जे न विचारता मिळतं ते न तपासता बांधलंही जातं. म्हणून हे बदल कसे होतात आणि त्या एका आकड्यामागे काय काय हलतं, हे समजून घ्यायला हवं.

चार रेषांची वस्तू झाली

ड्रॉइंग बोर्डवर खिडकी म्हणजे भिंतीच्या दोन रेषांमध्ये काढलेल्या आणखी काही रेषा. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच रेषा पडद्यावर गेल्या, एवढंच. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली तरी एलिव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्रात, ती जुन्याच जागी राहायची. सेक्शन वेगळा सुधारायचा, खिडक्यांचा तक्ता वेगळा. एक जागा सुटली की साइटवर दोन ड्रॉइंग दोन गोष्टी सांगायची आणि गवंडी त्यातली सोयीची निवडायचा.

हे बदललं ते खिडकीला वस्तू मानल्यामुळे. बुडापेस्टमध्ये गाबोर बोयार यांनी १९८२मध्ये स्थापन केलेल्या ग्राफिसॉफ्टने ॲपलच्या लिसा या कॉम्प्युटरसाठी १९८४मध्ये एक प्रणाली आणली. तिचंच पुढे आर्किकॅड झालं. अमेरिकेत लिओनिड राइझ आणि अर्विन युंगराइस यांनी १९९७मध्ये चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. यंत्रांचे सुटे भाग रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांनी काम केलं होतं. एका भागाचं माप बदललं की त्याला जोडलेले भाग आपणहून बदलतात, ही तिथली कल्पना त्यांनी इमारतीला लावली. २०००मध्ये रेव्हिटची पहिली आवृत्ती आली आणि २००२मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी १३.३ कोटी डॉलरना विकत घेतली. बोस्टन शहराला लागून वाहणाऱ्या नदीचं नाव घेतलेली ही कंपनी होती. डिफॉल्ट पत्ता बोस्टन का, याचा अंदाज त्यावरून येतो.

अशा मॉडेलमध्ये खिडकी भिंतीत राहते. भिंत तिची यजमान असते. भिंत सरकली की खिडकी तिच्याबरोबर जाते, भिंत पुसली की खिडकीही जाते. प्रत्येक खिडकीची माहिती दोन थरांत साठवलेली असते. रुंदी, उंची, चौकटीचा छेद, काचेचा प्रकार ही बहुतेक वेळा त्या जातीच्या सगळ्या खिडक्यांची सामाईक माहिती असते. जमिनीपासून सिलची, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेची, उंची किती, ही त्या एका खिडकीची स्वतःची. एखाद्या खोलीतली खिडकी रुंद हवी म्हणून कोणी जातीचंच माप बदललं, तर बावीस मजल्यांवरच्या तशा सगळ्या खिडक्या त्याच क्षणी रुंद होतात. म्हणून आधी जातीची प्रत काढायची, तिला नवं नाव द्यायचं आणि मग माप बदलायचं, हा पहिला धडा असतो. सुट्या मापांचा मोह टाळून खिडक्यांच्या मोजक्या जाती ठरवणं हे चांगल्या ऑफिसचं लक्षण, कारण कारखान्यात प्रत्येक जात म्हणजे एक वेगळी कापणी असते.

सिलच्या आणि खिडकीतल्या आडव्या पट्ट्याच्या उंचीचे आकडे तर थेट माणसाशी जोडलेले आहेत. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. आडवा पट्टा, म्हणजे ट्रान्सम, नेमका तिथे आला, तर त्या टेबलावर बसणाऱ्याला रोज आकाशाऐवजी ॲल्युमिनियम दिसतं. हॉस्पिटलच्या खाटेवरून बघणाऱ्याची नजर त्याहून खाली असते. एलिव्हेशनमध्ये हा पट्टा वरखाली केला तरी चित्र फारसं बदलत नाही, आत बसणाऱ्याचा दिवस बदलतो.

वीस मीटरची भिंत, दीड मीटरची काच

कर्टन वॉल म्हणजे इमारतीचा भार न घेणारी, स्लॅबच्या कडांना टांगलेली काचेची किंवा पत्र्याची भिंत. तिचा भार खांबांवर आणि स्लॅबवर येतो, ती स्वतः फक्त वारा, पाऊस आणि ऊन यांना तोंड देते. लिव्हरपूलमध्ये पीटर एलिस यांची ओरिएल चेंबर्स १८६४मध्ये उभी राहिली, सॅन फ्रान्सिस्कोत हॅलिडी बिल्डिंग १९१८मध्ये, आणि न्यूयॉर्कच्या लीव्हर हाउसने १९५२मध्ये काचेच्या ऑफिसचा जगभर गिरवला गेलेला नमुना घालून दिला. १९५९मध्ये पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेची पद्धत जाहीर केली. वितळलेल्या कथिलावर काच तरंगत पसरवण्याच्या या पद्धतीने सपाट आणि मोठी तावदानं स्वस्त झाली. काचेची भिंत मग सगळीकडे पोचली.

सॉफ्टवेअरमध्ये ही भिंत तीन गोष्टींनी बनते. ग्रिड म्हणजे विभागणीच्या रेषा, त्या रेषांवर बसणारे ॲल्युमिनियमचे उभे-आडवे मलियन, आणि रेषांमधल्या चौकोनात बसणारं पॅनेल. ग्रिड कशी पडावी हे सांगायला चार मुख्य पर्याय असतात: ठरावीक अंतर, ठरावीक संख्या, जास्तीत जास्त अंतर आणि कमीत कमी अंतर. वाचायला किरकोळ वाटणारे हे पर्याय प्रत्यक्षात फार वेगळे वागतात.

समजा भिंत वीस मीटर लांब आहे आणि आपण दीड मीटरचं ठरावीक अंतर दिलं. तेरा काचा पूर्ण बसतात आणि शेवटी अर्ध्या मीटरची चिंधी उरते. सुरुवात मधून करायला सांगितलं, तर उरलेलं माप दोन्ही टोकांना सारखं वाटलं जातं. फरशी बसवणारा कारागीर दोरी मधून धरतो आणि कापलेले तुकडे दोन्ही कडांना सारखे आणतो, तेच हे शहाणपण. आता अंतर ‘जास्तीत जास्त दीड मीटर’ असं दिलं, तर सॉफ्टवेअर चौदा समान भाग करतं आणि प्रत्येक भाग १,४२९ मिलिमीटरचा येतो. एलिव्हेशन एकसारखं दिसतं. पण शेजारची भिंत एकोणीस मीटर असेल, तर तिथे तेरा भाग पडतात आणि माप १,४६२ येतं. दोन भिंतींवर नजरेला न कळणारी दोन मापं, आणि कारखान्यात काचेचे दोन वेगळे गठ्ठे. भट्टीत तापवून टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की तिचा चुरा होतो. तेव्हा पॅनेल चुकीच्या भिंतीपाशी पोचलं, तर ते घासून बसवण्याची सोय नसते.

मजल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आडव्या रेषा भिंतीच्या तळापासून मोजल्या जातात, मजल्यांच्या पातळीपासून नव्हे. तळमजला ४.५ मीटर आणि वरचे मजले ३.६ मीटरचे असतील, तर ३.६ मीटरच्या ठरावीक अंतराने पडलेली एकही रेषा स्लॅबपाशी येणार नाही. मालकाने एका मजल्याची उंची दीडशे मिलिमीटरने वाढवली, तर भिंत लांबेल, रेषा मात्र होत्या तिथेच राहतील. मग स्लॅबची कड पारदर्शक काचेमागे उघडी दिसेल आणि ती झाकायला ठेवलेलं अपारदर्शक पॅनेल माणसाच्या डोळ्यांसमोर येईल. या रेषा एकेक करून मजल्याच्या पातळीला जुळवून कुलूपबंद करणं हे कंटाळवाणं, पण अत्यंत मोलाचं काम आहे.

टॅब, पिन आणि नकळत अरुंद झालेलं दार

हे काम करणाऱ्यांचं एक बोट कायम टॅब या कळीवर असतं. काचेच्या भिंतीवर माउस नेला की आधी कड पकडीत येते. टॅब दाबत गेलं की भिंत, ग्रिडची रेषा, मलियन, पॅनेल असं एकेक हाती लागतं. पॅनेल निवडलं की त्यावर पिनचं छोटं चिन्ह दिसतं. ती पिन काढल्याशिवाय ते पॅनेल बदलता येत नाही, कारण ते सगळ्या भिंतीच्या नियमाला बांधलेलं असतं. पिन काढून त्या जागी भिंतीचा तुकडा, जाळी, उघडणारी खिडकी किंवा दार बसवता येतं. रेषेचा फक्त एक तुकडा काढून दोन काचांची एक मोठी काच करता येते. दोन मलियन भेटतात तिथे उभा सलग जायचा की आडवा, हेही प्रत्येक सांध्याला सांगता येतं.

साध्या भिंतीत बसणारी खिडकी काचेच्या भिंतीत बसत नाही, तिच्यासाठी पॅनेलच्या जातीची वेगळी खिडकी लागते. या पॅनेल-दाराचा स्वभावही वेगळा आहे. त्याला स्वतःची रुंदी नसते, ज्या चौकोनात बसलं त्याचं माप ते घेतं. ग्रिड जरा सरकली की दार गुपचूप अरुंद होतं. व्हीलचेअरसाठी ठेवलेली मोकळी रुंदी अशी कमी झाली तरी सॉफ्टवेअर ओरडत नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे काही चुकलेलंच नसतं. दारांचा तक्ता प्रत्येक बदलानंतर नव्याने वाचणं हाच यावर उपाय आहे.

आगीच्या बाबतीत ही दक्षता आणखी महत्त्वाची ठरते. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार काचेच्या दर्शनी भागात प्रत्येक मजल्यावर उघडणारी पॅनेल्स हवीत, दोन पॅनेल्समधलं अंतर दहा मीटरपेक्षा जास्त नको आणि प्रत्येक पॅनेल किमान एक मीटर बाय एक मीटर हवं. धूर बाहेर जायला आणि अग्निशमन दलाला आत यायला ही वाट असते. मॉडेलमध्ये ही पॅनेल्स म्हणजे पिन काढून बदललेले काही चौकोन. शेवटच्या आठवड्यात कोणी ग्रिडचं अंतर बदललं, तर त्यांच्या जागा आणि मापं दोन्ही हलतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर ती मोजून पाहिल्याखेरीज ड्रॉइंग बाहेर जाता कामा नये.

बोस्टनच्या टॉवरची लाकडी तावदानं

काचेच्या भिंतीचं शिक्षण देणारी एक प्रसिद्ध इमारत बोस्टनमध्येच आहे. आय. एम. पेई यांच्या कार्यालयातले हेन्री कॉब यांनी रचलेला साठ मजली जॉन हॅनकॉक टॉवर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहत होता. काचेची एवढी तलम, एवढी अखंड इमारत तोवर क्वचितच कोणी पाहिली होती. जानेवारी १९७३च्या एका वादळी रात्री तिच्या काचा फुटून खाली कोसळल्या. नंतरही काचा फुटत राहिल्या. वाऱ्याचा वेग वाढला की पोलीस खालचे रस्ते बंद करत. काचांच्या जागी प्लायवूड ठोकलं गेलं आणि देखणा टॉवर लाकडी ठिगळांनी भरला.

प्रत्येक तावदान दोन काचांचं होतं. सुमारे २२५ किलो वजनाच्या त्या तावदानांत काचांच्या कडा शिशाच्या पट्टीने सांधल्या होत्या. हा सांधा काचेला इतका घट्ट धरून बसला, की वाऱ्याने आणि तापमानाने होणाऱ्या हालचालीला वावच राहिला नाही. हलून हलून शिसं थकलं आणि त्यातली भेग काचेत उतरली. शेवटी सगळीच्या सगळी १०,३४४ तावदानं काढून एकेरी टफन काच बसवण्यात आली. इमारत १९७६मध्ये खुली झाली.

काचा फुटल्या त्या ड्रॉइंगमधली एखादी रेषा चुकली म्हणून नव्हे. चूक होती ती सांध्यात, काही मिलिमीटरांत. आजचं मॉडेलही तो सांधा दाखवत नाही. मलियन म्हणजे एक आयताकृती दांडा आणि पॅनेल म्हणजे एक पातळ पाटी, एवढंच त्याला ठाऊक असतं. बाकीचं जाणायचं ते माणसाने.

मुंबईपुरते आकडे पाहू. दीड मीटर रुंद, ३.६ मीटर उंच अशा पॅनेलमध्ये सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचा असतील, तर नुसत्या काचेचं वजन १६२ किलो होतं. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. उंची आणि परिसराचे गुणक लावण्याआधीच त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो, म्हणजे त्या एका पॅनेलवर ६४० किलोच्या आसपास. तापमान ५० अंशांनी बदललं, तर ३.६ मीटरचा ॲल्युमिनियमचा दांडा चार मिलिमीटरने लांबतो, काच मात्र दीड मिलिमीटरच्या आसपासच वाढते. दहा मजल्यांचा दांडा अखंड धरला, तर ही वाढ चार सेंटिमीटर होते. म्हणून प्रत्येक मजल्यावर सरकता सांधा लागतो. आरसीसीची कड मिलिमीटरला मिलिमीटर सरळ कधीच नसते, म्हणून भिंत टांगणाऱ्या ब्रॅकेटला लांबट भोकं लागतात. काच आणि स्लॅब यांच्यात फट राहतेच, ती आग रोखणाऱ्या भरणाने बंद करावी लागते, नाहीतर खालच्या मजल्यावरची आग त्या चिमणीतून वर चढते. मॉडेलमध्ये भिंत स्लॅबच्या कडेला चिकटवून ठेवली, तर यातल्या कशालाच जागा उरत नाही.

पावसाचंही तसंच. भिंत काढताना डावी-उजवी दिशा चुकली, की बाहेरची बाजू आत होते. एक बाण दाबून ती उलटवता येते, पण प्लॅनमध्ये ही चूक बारीक दिसते. मलियनमधलं पाणी बाहेर काढणारी भोकं बाहेरच्या अंगालाच हवीत, हे मुंबईच्या जुलैला वेगळं सांगावं लागत नाही.

छज्जा नावाचं तंत्रज्ञान

आता पुन्हा उन्हाकडे. मुंबईत १.२ मीटर उंच दक्षिणमुखी खिडकीला मार्च आणि सप्टेंबरच्या दुपारी पूर्ण सावली द्यायला ४१ सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. तोच छज्जा डिसेंबरच्या उन्हाला बरंचसं आत येऊ देतो, आणि ते आपल्याला चालतं. पश्चिमेला मात्र संध्याकाळचा सूर्य इतका खाली असतो की आडवा छज्जा कामाचा नाही, तिथे उभे पडदे, जाळी किंवा खोल ओसरी लागते. आपल्या जुन्या घरांना हे गणित माहीत होतं.

चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत पेडर रोडजवळ रचलेली कांचनजंगा इमारत १९८३मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, बंदर पूर्वेला, आणि नेमकं तिथूनच कडक ऊन आणि पावसाचे सपकारे. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा २८ मजल्यांच्या इमारतीत आणला. कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या आणि खिडक्या त्यांच्या मागे, सावलीत ठेवल्या. कॉम्प्युटर नव्हता, सूर्याचे कोन होते आणि पावसाची आठवण होती. खिडकी कडेपासून आत घेणं हा त्या इमारतीचा आत्मा आहे. आजच्या मॉडेलमध्ये तेच करायला काही मिनिटं लागतात. तरी ते क्वचित केलं जातं, कारण काचेची सपाट भिंत त्याहून लवकर होते आणि विक्रीयोग्य चौरस फूट वाचवते.

नियम काही आधार देतात. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७मध्ये आली आणि २०१७मध्ये सुधारली गेली. त्या सुधारित आवृत्तीत नेमून दिलेल्या सरळ मार्गाने जायचं, तर व्यापारी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत काच ४० टक्क्यांपर्यंतच ठेवता येते. घरांसाठीची २०१८ची इको निवास संहिता उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १६.६६ टक्के मागते. मुंबई आणि कोकण किनारा याच हवामानात येतो. ‘उघडणाऱ्या’ हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. दहा फूट रुंद स्थिर काच देखणी दिसते, पण तिच्यातून वारा येत नाही. मॉडेलमधला खिडक्यांचा तक्ता हे सगळं क्षणात मोजून देऊ शकतो. फक्त तो हिशेब मांडायला कोणीतरी सांगावं लागतं.

पत्ता बदलायला लागणारं अर्धं मिनिट

पुण्यात कितीतरी कार्यालयांतून आखाती देशांतल्या, इंग्लंड-अमेरिकेतल्या इमारतींची मॉडेल्स केली जातात. ती शहरं न पाहिलेली मुलं-मुली तिथल्या खिडक्या सरकवतात. लंडनला २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य १५ अंशांवर असतो, तिथे प्रत्येक काचेतून येणारं ऊन हवंहवंसं. दुबईत तेच ऊन नकोसं. ही जाण मॉडेल करणाऱ्याला कोणी दिली नाही, तर त्याच्या हातात फक्त टॅबची कळ उरते. आपल्या पॉलिटेक्निक आणि वास्तुकला महाविद्यालयांत सॉफ्टवेअर शिकवलं जातं, ते या समजेसकट शिकवायला हवं. विद्यार्थ्याला ग्रिडचे चार पर्याय सांगताना काचेच्या कारखान्यात नेलं पाहिजे. सिलची उंची भरताना त्याला खुर्चीत बसवून खिडकीकडे बघायला लावलं पाहिजे.

फ्लॅट किंवा ऑफिस घेणाऱ्यांनीही विचारायला शिकावं. बिल्डरच्या सादरीकरणात सूर्यास्ताची सोनेरी काच दाखवतात. त्याऐवजी २१ मार्च, २१ जून आणि २१ डिसेंबर या तीन तारखांच्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजताच्या सावल्या मागाव्यात, आणि मॉडेलचा पत्ता कोणता टाकला आहे, उत्तर दिशा खरी लावली आहे का, हेही विचारावं. कोणती तावदानं उघडतात, बाहेरून काच कशी पुसणार, आगीत कोणतं पॅनेल उघडणार, हे प्रश्न नकाशावर बोट ठेवून विचारावेत. उत्तरं मॉडेलमध्ये असतात किंवा असायला हवीत.

पत्ता बदलायला अर्धं मिनिट लागतं. खिडकी दीड मीटर आत घ्यायला पाच मिनिटं. काच कारखान्यात कापली जाईपर्यंत हे सगळे बदल जवळजवळ फुकट असतात. त्यानंतर त्यांची किंमत मोजतात ते आत राहणारे लोक: पन्नास वर्षं विजेच्या बिलात, ओढून घेतलेल्या पडद्यांत आणि दिवसा लावलेल्या दिव्यांत. ज्याच्या हातात माउस आहे तो त्या सगळ्यांच्या वतीने निर्णय घेतो. त्याला तशी जाणीव करून देणं आणि त्याने घेतलेला वेळ वाया गेला असं न मानणं, हे आपल्या ऑफिसांनी, महाविद्यालयांनी आणि पैसे मोजणाऱ्या ग्राहकांनी आता ठरवून केलं पाहिजे.